मूल होत नाहीये? जेनेटिक टेस्ट दोघांचीही करा

आपल्याकडे अजूनही सूनबाईच्या सोनोग्राफीवर सोनोग्राफी चालू असते आणि नवऱ्याची साधी सीमेन टेस्टपण (वीर्याची तपासणी) झालेली नसते, हे बघून खरंच जीव तुटतो. तर पहिलं काम, ती टेस्ट करून घ्या. स्पर्म काउंट खूपच कमी असेल, म्हणजे एका एमएलमध्ये ५० लाखांच्या खाली किंवा शून्यच, तर डॉक्टरांना कॅरिओटाइप (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी टेस्ट) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय क्रोमोसोमचा बारीक तुकडा गळालाय का ते बघणारी टेस्ट) याबद्दल स्वतःहून विचारा. वाय क्रोमोसोमचा एझेडएफ नावाचा छोटा तुकडा गळालेला असला तरी माणूस एकदम धडधाकट दिसतो, पण स्पर्म बनत नाहीत किंवा अगदी थोडे बनतात, आणि इक्सीने (लॅबमध्ये एक स्पर्म सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात ती पद्धत) मुलगा झालाच तर तोच दोष त्याच्याकडेही जातो, हे आधी माहीत असलेलं बरं.

बायकोची पाळी चाळिशीच्या आत बंद पडत आली असेल तर तिचं कॅरिओटाइप आणि फ्रॅजाइल एक्सची टेस्ट (एक्स क्रोमोसोमवरच्या एका जीनमधला बदल बघणारी).

आणि दोन-तीनदा गर्भपात झाला असेल तर कॅरिओटाइप दोघांचंही, कारण बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन कुणातही असू शकतं. रिपोर्टमध्ये क्रोमोसोमचा आकडा बहुतेक वेळा ४६ च असतो, त्यामुळे लोक नॉर्मल समजून फाइल बंद करतात, पण पुढे छोटा टी आणि कंसात दोन नंबर असतात ना, तेच बघायचं, म्हणजे दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालीये.

या जेनेटिक टेस्टना फक्त हातातलं रक्त लागतं, उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्ट घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे दोघंही जा, एकटीला पाठवू नका.