कोल्ड्रिंकसाठी कूलर आणि रॅक घेताय? आधी बाटली मोजा, मग फ्रीज बघा

होळी झाली की आमच्या जळगाव जिल्ह्यात ऊन असं काही तापतं की दुकानात आलेला माणूस आधी थंड काय आहे ते विचारतो, बाकीचं सामान नंतर. माझं किराणा-जनरल स्टोअर एसटी स्टँडला लागून आहे, गाळा दहा बाय पंधराचा, आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी ना कोणी नवीन दुकानदार फोन करून विचारतो की भाऊ कूलर कोणता घेऊ, रॅक कसला घेऊ. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी शोरूमला जाऊ नका. एक वही घ्या आणि आठ दिवस लिहा, कोणती बाटली थंड मागून गेली आणि कोणती साधी गेली. दोन लिटरवाली घरी पाहुण्यांसाठी जाते, ती थंडच पाहिजे असं नसतं, ज्यूसचे एक लिटरचे खोके पण तसेच, पण पाण्याची बाटली, अर्धा लिटर, छोटी वीस रुपयांच्या आतली बाटली आणि ताक-लस्सी हे थंडच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि परत ठेवून देतं. ही वही झाली की निम्मा निर्णय झाला, कारण थंड मागितलं जातं तेवढंच कूलरमध्ये आणि उरलेलं रॅकवर. मी पहिल्या वर्षी उलटं केलं, दिसायला चांगलं म्हणून दोन लिटरच्या बाटल्यांनी अख्खा खालचा कप्पा भरला आणि दुपारी दोन वाजता थंड पाणी संपलं, समोर बस उभी आणि लोक पुढच्या दुकानात. अजून आठवलं की वाईट वाटतं.

कूलर केवढा घ्यायचा याचा हिशोब एका दिवसाच्या खपावर करू नका, दीडपट धरा. उन्हात टेम्पोतून उतरलेली बाटली गार व्हायला कित्येक तास लागतात, तासाभरात काही होत नाही, त्यामुळे विकून झालेल्या जागी नवीन माल लावला तरी तो संध्याकाळपर्यंत कोमटच असतो. रात्री शटर ओढायच्या आधी कूलर भरायचा, सकाळी सगळं गार.

आता कंपनीच्या फ्रीजबद्दल. सेल्समन येतो आणि म्हणतो, फ्रीज देतो, डिपॉझिट भरा किंवा महिन्याला एवढ्या केस, म्हणजे बाटल्यांचे खोके, उचला. छोट्या दुकानाला ही मोठी मदत आहे हे मी मान्य करतो, एकदम भांडवल अडकत नाही आणि बिघडला तर त्यांचाच माणूस येतो. पण बहुतेक ठिकाणी अट असते की त्यात फक्त त्यांचाच माल ठेवायचा, म्हणजे तुमच्या वहीत ताक, लस्सी, दुधाच्या पिशव्या जास्त निघाल्या तर त्या कुठे ठेवणार? माझ्याकडून एकदा अशीच सही झाली, कागद वाचला नाही, आणि भर मे महिन्यात ताकाची पाकिटं बाहेर काढावी लागली. तेव्हा सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या: दुसरा माल चालेल का, केस कमी उचलल्या तर काय, आणि दुरुस्तीला किती दिवसात माणूस येणार. जागा असेल तर एक कंपनीचा आणि एक स्वतःचा लहान, हे जमून जातं.

स्वतःचा घ्यायचा असेल तर लिटरच्या आकड्याआधी तापमानाचा आकडा विचारा, हे मी कळकळीने सांगतो. प्रत्येक मशीन बाहेरच्या किती गरमीला चालेल ते ठरलेलं असतं. आपल्याकडे भुसावळ, जळगाव, तिकडे नागपूर, चंद्रपूरला पारा ४५च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या गाळ्यात तर विचारायलाच नको. त्यामुळे ४३ अंशासाठी बनवलेलं मॉडेल म्हणजे आपल्यासाठी कमीत कमी, त्याच्या खालचं घेऊच नका, कंप्रेसर दिवसभर बंदच होत नाही. मॉलमध्ये बिनादाराचे उघडे चिलर दिसतात ना, ते छान दिसतात, गिऱ्हाईक सरळ हात घालून घेतं, पण त्यातले बहुतेक २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरून बनवलेले असतात, म्हणजे एसी असलेल्या हॉलसाठी. बिनाएसीच्या दुकानात तो आणणं म्हणजे बाजारपेठ गार करत बसण्यासारखं आहे. कोकणात गरमी थोडी कमी पण दमट हवा, तिथे काचेवर दव धरतं आणि आतला माल दिसेनासा होतो, तर तिकडच्यांनी दुहेरी काचेचा दरवाजा नक्की बघावा.

काचेच्या दाराचा उभा कूलर की वरून उघडणारा आडवा? उभ्यात माल दिसतो, दिसलं की विकतं, स्टँडवरच्या दुकानाला तोच पाहिजे. पण दार उघडलं की थंड हवा खालून बाहेर सांडते, आडव्यात ती आतच बसून राहते, म्हणून जिथे लोडशेडिंग जास्त आहे आणि गिऱ्हाईक ओळखीचं आहे, मागून घेणारं आहे, तिथे आडवा बरा पडतो.

विजेचं पण बघाच. मशीनच्या कागदावर २४ तासाला किती युनिट ते लिहिलेलं असतं, नसेल तर मागा. समजा रोजचे ५ युनिट, म्हणजे महिन्याला १५०, आणि दुकानाच्या मीटरवर समजा १२ रुपये युनिट पडलं तर १८०० रुपये झाले. दोन मॉडेलमध्ये रोज दीड युनिटाचा फरक असला तरी वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास जातात, मग शोरूमवाला जे दोन हजार कमी करतोय त्याला भुलायचं कारण नाही. गावाकडे व्होल्टेज खालीवर होतं, तर स्टॅबिलायझर घ्याच, आणि तो लाईट आल्यावर तीनेक मिनिटं थांबून मशीन चालू करणारा असावा. आजकालच्या बऱ्याच कूलरमध्ये आर-२९० गॅस असतो, तो म्हणजे प्रोपेन, वीज कमी खातो आणि हवेला पण बरा, पण पेट घेणारा आहे, त्यामुळे गॅस भरायला त्यातला माहीतगारच मेकॅनिक बोलवा, नेहमीचा ओळखीचा आहे म्हणून नाही.

शोरूमला जाताना पिशवीत तुमच्याकडे चालणाऱ्या सगळ्या मापाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जा. हसतील तिथले, हसू द्या. अर्ध्या लिटरची बाटली साधारण अडीच इंच जाड, म्हणजे वीस इंच रुंद कप्प्यात कागदावर आठ बसतात, पण हाताने काढाय-ठेवायला जागा सोडली की सातच. मागच्या बाजूने हवा फिरायला दोन बोटं मोकळी सोडायची, नाहीतर मागची रांग गारठते आणि पुढची कोमट. दोन लिटरची एक फुटाच्या वर उंच असते, तिच्यासाठी एक कप्पा खाली सरकवावा लागतो. बाटली आत ठेवा आणि थोडी तिरकी करून बाहेर ओढून बघा, टोपण वरच्या जाळीला अडकतं का. हे दिवसातून शंभर वेळा करायचंय. जाळी ज्या क्लिपवर बसते ती पण हाताने हलवून बघा. अर्ध्या लिटरच्या ४० बाटल्या म्हणजे वीस किलोच्या वर वजन झालं, पातळ क्लिप असली की एका कोपऱ्यातून निसटते आणि सगळ्या बाटल्या दाराकडे येतात.

रॅकला हाच हिशोब. बिस्किटाच्या पुड्यांसाठीचा रॅक पाण्याला चालत नाही. एक लिटरच्या बारा बाटल्यांचा बॉक्स बारा किलोचा, असे चार ठेवले की झाले जवळजवळ पन्नास. एका पट्टीला किती किलो ते विचारा, खालच्या पायाला लेव्हल करायचे स्क्रू पाहिजेत आणि उंच रॅक भिंतीला क्लॅम्पने बांधलाच पाहिजे, दुकानात लहान मुलं येतात. पुढे उतार असलेले शेल्फ मिळतात, एक काढली की मागची आपोआप पुढे सरकते, पण त्यात भरताना मागूनच भरायचं, नाहीतर जुना माल मागे अडकून एक्सपायर होतो. भिंतीला टेकलेल्या रॅकला ते शक्य नाही, तिथे साधी सपाट पट्टीच घ्या आणि जुनं पुढे ओढायची सवय लावून घ्या. सोड्याच्या प्लास्टिक बाटलीतला गॅस हळूहळू प्लास्टिकमधून निघून जातो, लहान बाटलीत लवकर, आणि उन्हात अजून लवकर, म्हणून पश्चिमेच्या उन्हाचा पट्टा जिथे येतो तिथे रॅक नको. दारात क्रेटची उतरंड लावायची हौस असेल तर सावलीत लावा.

कूलर दारापासून दिसेल असा, पण उन्हात नाही, वड्याच्या कढईजवळ नाही, आणि मागे वीतभर जागा सोडून. डोळ्यासमोरच्या कप्प्यात सगळ्यात जास्त खपणारं, जड माल खाली, ताक-दुधाला ४-५ अंश लागतात म्हणून साधा थर्मामीटर आणून जो कप्पा सगळ्यात गार निघेल तो त्यांना द्यायचा. आणि भाव लिहून लावा, छापील एमआरपीच. थंड करायचे दोन रुपये वर घेणं कायद्याने चूक आहे आणि स्टँडवरचं गिऱ्हाईक ते विसरत नाही. लाईटबिल निघतं ते जास्त बाटल्या विकूनच.

पैसे द्यायच्या आधी शेवटचं एक काम करा. दहाची नोट दाराच्या रबरात धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. कुठेही सहज निघून आली तर तेच मशीन घेऊ नका, दुसरं काढायला सांगा.