नाण्यावरची खूण टांकसाळीची की मार लागल्याची?

परभणीच्या आठवडी बाजारातून सुटे पैसे घेऊन आलं की एखादं नाणं वेगळंच दिसतं. रेघ, टिंब, कडेला चपटेपणा. दुर्मिळ म्हणून जपायचं की खर्चून टाकायचं?

१. आधी सालाखाली बघा. चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. ही नेहमीची खूण आहे, दोष नव्हे. निम्मे प्रश्न इथंच मिटतात.

२. मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता नाण्याच्या बाजूनं, अगदी आडवा धरा आणि रेघेवरून हळूच नख फिरवा. रेघ वर उचललेली लागली, तर ज्या ठशानं नाणं छापतात त्या ठशालाच तडा असण्याची शक्यता आहे. असं नाणं जपून बाजूला ठेवा. नख खाली अडकलं तर तो नंतरचा ओरखडा. खळग्याच्या काठावर धातू सरकून गोळा झालेला दिसला तर मारच बसलाय, शंका नको.

३. शेजारी त्याच सालाचं, त्याच नक्षीचं दुसरं नाणं ठेवून जुळवा. दहाच्या नाण्याची नक्षी वेगळी म्हणून खोटं समजू नका. आपल्याकडं दुकानदार उगाच नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच चौदाही नक्ष्या चालतात असं सांगितलंय.

भोक पाडलेली, घासलेली, रुळाखाली चपटी केलेली नाणी संग्राहक सहसा विचारतही नाहीत.

फक्त चिंच किंवा राख लावून चकचकीत करू नका. मूळ पृष्ठभाग गेला की टांकसाळीतच दोष राहिलेलं खरं नाणंही कवडीमोल होतं.