चंदेरी हेड आणि खडूची पूड

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं काम शिकायला लागलो तेव्हा पहिला जुना पार्ट मीच पसंत केला, सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. दुकानात ग्रीस-काजळीने माखलेली सात-आठ हेडं जमिनीवर पडली होती आणि एक चंदेरी रंग मारून फळीवर ठेवलेलं. मी कुठलं उचललं, हे सांगायला नकोच. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी थिनरने रंग उतरवला, रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरली. चहा येईपर्यंत दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधे केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा! "रंगाचे पैसे दिलेस होय?" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी मळका पार्ट आधी बघतो. १०८९ सीसीच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. गाडी तापली की आधी तेच वाकतं. स्टीलची पट्टी आडवी-तिरकी ठेवा आणि खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवून बघा. पाती शिरली की हेड वाकलंय. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या असतील तर पुढे बोलूच नका. मुंबईत बरेच पार्ट भंगारात निघालेल्या टॅक्सींचे असतात, आणि त्यातल्या कित्येक सीएनजीवर पळालेल्या. अशा हेडात व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसलेले दिसतात. सीट बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, आधी नख लावा. जर्नलवरून (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत गोल भागावरून) फिरवताना नख अडकलं तर चरा आहे. मग मायक्रोमीटर, एकाच जर्नलवर काटकोनात दोनदा. मापं वेगळी आली की जर्नल लंबगोल झालाय. दुकानदार 'वीस अंडर' म्हणाला तर वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश), म्हणजे साधारण अर्धा मिमी आधीच घासून झालंय. पुढच्या मापाचे बेअरिंग मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा. मी नंतर विचारलं होतं, तो किस्सा वेगळाच. क्रँक दोरीला टांगून हलकेच ठोका. घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द आवाज आला की ठेवून द्या.

दार-मडगार्डसाठी खिशात लहान लोहचुंबक पुरे. पोचे भरायच्या लांबीच्या (पुट्टीच्या) जाड थरावर तो धरत नाही.

ब्रेकचे रबर मात्र जुने घेऊच नका, कितीही मऊ लागोत. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम आहेत. हे रबर ज्यात असतात तो एखाद्या चाकाचा व्हील सिलिंडर गळून ब्रेकचा लायनर भिजला की ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.