लाइन आली की कॉम्प्युटर सुरू, लॉगिनआधीच रिमोट डेस्कटॉप तयार

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. सीताबर्डीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडतो, थोड्या वेळानं लाइन येते, पण मानेवाड्याच्या घरून जोडायला जावं तर काहीच उघडत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. रिमोट सर्व्हर, म्हणजे दुरून जोडू देणारा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम, लॉगिननंतर सुरू होणारा असतो आणि लॉगिन करायला तिथे कोणी नसतं. स्टार्टअप फोल्डरात शॉर्टकट टाकूनही उपयोग नाही, कारण तोही लॉगिननंतरच चालतो. सर्व्हर ‘सर्व्हिस’ म्हणूनच, म्हणजे विंडोजसोबत लॉगिनआधीच सुरू होईल असा, बसवावा लागतो.

आधी मशीन आपणहून सुरू व्हायला हवं. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. पॉवरच्या भागात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ नको. आधी शटडाउन केलेलं असेल तर मशीन बंदच राहतं. यूपीएसचीही एक गोम आहे. त्याच्या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटर बंद केला आणि यूपीएसचा पुरवठा तुटण्याआधीच लाइन आली, तर बायोसला वीज गेल्याचं कळतच नाही.

विंडोज होमला मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपनं बाहेरून जोडता येत नाही, त्यासाठी प्रो लागतं. म्हणून इथे टाइटव्हीएनसी हा फुकट मिळणारा रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम घेऊ. बसवताना ‘सिस्टम सर्व्हिस’ आणि फायरवॉलची सूट या दोन्ही चौकटींवर खूण ठेवा. नंतर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘टाइटव्हीएनसी सर्व्हर’चा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते बघा. रिकव्हरी टॅबमध्ये पहिल्या बिघाडाला ‘रिस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा.

पासवर्डवर हमखास घोळ होतो. ॲप्लिकेशन मोड (लॉगिननंतर साध्या प्रोग्रॅमसारखा चालवलेला सर्व्हर) आणि सर्व्हिस मोड यांच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात. एकीकडे ठेवलेला पासवर्ड दुसरीकडे चालत नाही. शिवाय पहिली ८ अक्षरंच धरली जातात, त्यामुळे लांबलचक पासवर्डवर विसंबू नका.

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. राउटरमध्ये या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राखून ठेवा.

राउटरवर ५९०० पोर्ट, म्हणजे टाइटव्हीएनसीची जोडणी येण्याची वाट, इंटरनेटसाठी मात्र उघडू नका. टाइटव्हीएनसीतून जाणारी माहिती एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे वाटेत कोणी वाचू शकतं. त्यापेक्षा टेलस्केल वापरा, ते आपल्याच मशीनांमध्ये खासगी, एन्क्रिप्टेड नेटवर्क जोडतं. त्यात ‘रन अनअटेंडेड’ (कोणी लॉगिन नसतानाही चालू राहणं) चालू करायला विसरलात तर तेही लॉगिनची वाट बघत बसेल. टेलस्केलमध्ये मशीनची ओळख पटवणाऱ्या की-ची मुदत नेहमीच्या सेटिंगमध्ये १८० दिवस असते, ती या मशीनपुरती बंद करा.

आता शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. कीबोर्डला हात न लावता मोबाइलच्या नेटवरून जोडून बघा. लॉगिनचा पडदा दिसला पाहिजे. फक्त काळा पडदा दिसला तर मॉनिटर जोडलेला आहे का बघा. मॉनिटर ठेवायचा नसेल तर एचडीएमआयचा डमी प्लग लावा, त्यामुळे कॉम्प्युटरला मॉनिटर जोडलेला आहे असं वाटतं.