नाकापेक्षा मोती जड नको: वजनदार इलेक्ट्रिक पिकअपसाठी ऑफ-रोड ॲक्सेसरीज कशा निवडाव्यात

रिव्हियन आर१टी ही इलेक्ट्रिक पिकअप रिकामी उभी असली तरी तिचं वजन ७,००० पौंडांच्या आसपास भरतं. जीएमसीची हमर ईव्ही ९,००० च्या पुढे जाते आणि त्यातले सुमारे २,९०० पौंड नुसत्या बॅटरीचे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी अशी गाडी घेतली, की पंधरा दिवसांत टपावरचा तंबू, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), लाइट बार (दिव्यांची लांब पट्टी) अशी यादी तयार होते. यादी बहुतेक वेळा एखाद्या जीपवाल्या मित्राकडून उसनी आणलेली असते, आणि तिथेच घोडं पेंड खातं. त्याच्या हलक्या पेट्रोल गाडीला जे शोभतं, ते आपल्या गाडीला पेलेलच असं नाही. म्हणून खरेदी दुकानात सुरू करू नका, गाडीच्या दारात करा.

पहिली पायरी: दारावरचं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हा आकडा त्यावर असतो. पुष्कळांना तो फक्त सामानाचा वाटतो. तसं नाही, आपण स्वतःही त्यात मोजले जातो.

समजा, तुमच्या स्टिकरवर १,६०० पौंड लिहिलंय. चार मोठी माणसं बसली की ६८० गेले, उरले ९२०. आता यादी मांडा: तंबू १६०, त्याची रॅक १००, दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर (दगडांपासून वाचवणारे दारांखालचे दांडे) १५०, लोखंडी बंपर आणि विंच मिळून २५०, जादा मोठी स्टेपनी ९०, वीस गॅलन पाणी १६७, भरलेला फ्रिज ८०. बेरीज ९९७. अजून कपडे, अंथरुणं आणि चहाचं पातेलं गाडीत चढायचंच आहे, आणि आपण आताच ७७ पौंडांनी वर गेलो. एवढी मोठी गाडी, तिला काय फरक पडतो, असं वाटतं खरं. पण बॅटरीचं ओझं ती आधीच वाहते आहे.

त्यामुळे वस्तूची किंमत बघण्याआधी तिचं वजन बघा. विक्रेता वजन सांगत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.

दुसरी पायरी: आधी टायर, मग बाकी सगळं

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर टायरवर घाला. टायरच्या बाजूला मापाच्या शेवटी एक आकडा असतो, तो भार-निर्देशांक. ११६ म्हणजे एका टायरला १,२५० किलो, १२६ म्हणजे १,७०० किलो. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा हा आकडा कमी असलेला टायर कितीही दणकट दिसला तरी घ्यायचा नाही.

एलटी, म्हणजे हलक्या ट्रकांसाठीच्या टायरची बाजू जाड असते आणि टोकदार दगडांत ती उपयोगी पडते. पण तेवढाच भार उचलायला या टायरमध्ये हवा जास्त लागते, शिवाय तो स्वतः जड असतो. आर१टीच्या २० इंची ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरांमुळे रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचं अंतर, १० ते १५ टक्के घटते, असं कंपनीच सांगत आली आहे. त्यापेक्षा आक्रमक नक्षी घेतली तर घट वाढणार. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने चिखलाचे टायर लावून रोज ऑफिसला जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

टायरसोबत दोन गोष्टी हव्यातच. एक, चांगला प्रेशर गेज. दगड-वाळूत हवा कमी करावी लागते, पण जीपवाला मित्र १५ पीएसआयपर्यंत उतरवतो म्हणून आपण उतरवायची नाही, कारण हवा उतरली की टायरची वजन पेलण्याची ताकदही उतरते. आर१टीचं नेहमीचं प्रेशर ४८ असतं. ट्रेलवर ३० च्या आसपास थांबावं, वेग अगदी कमी ठेवावा. दुसरी गोष्ट कॉम्प्रेसर. तो काही गाड्यांत मुळातच बसवलेला असतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी मॅन्युअल चाळा.

स्टेपनी जरूर ठेवा. यूटामधल्या मोआबच्या खडकांत पंक्चरवाला नाही.

तिसरी पायरी: अडकल्यावर बाहेर काढणारं सामान

इथे वजनाचं गणित थेट जिवाशी येतं. गाडी खेचायला ताणला जाणारा कायनेटिक दोर घ्या. त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तिप्पट ते चौपट असावी. आर१टीचं भरलेलं कमाल वजन ८,५३२ पौंड आहे, म्हणून एक इंच जाडीचा दोर पाहावा. सोबत दोन सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोर गाडीला जोडायच्या दोरीच्याच कड्या. दोर फक्त गाडीच्या अधिकृत टो-हुकला लावायचा. ट्रेलरच्या गोल बॉलला कधीही लावायचा नाही, तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणसं दगावली आहेत.

आपल्याकडे ट्रकवाले बंद गाडीला टोचन लावून मैलोन्‌मैल नेतात. इलेक्ट्रिक गाडीला हे चालत नाही. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं. चिखलातून चार फूट ओढून काढणं वेगळं, पुढे गावापर्यंत न्यायची तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच.

विंचबद्दल माझं मत जरा कडक आहे. ठोकताळा असा, की विंच कमाल वजनाच्या दीडपट ताकदीचा हवा. ८,५३२ ची दीडपट जवळपास १२,८०० होते, म्हणजे बाजारातला १२,००० चा लोकप्रिय विंचसुद्धा कमी पडतो. शिवाय विंच १२ व्होल्टवर चालतो आणि जोर लागला की ४०० अँपिअरच्या घरात करंट खेचतो. खाली शंभराहून जास्त युनिट वीज साठवलेली असली तरी विंचच्या वाट्याला येते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. एकट्याने दूर जात नसाल तर विंच सोडा, दुसरी गाडी सोबत घ्या.

ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या, मात्र घ्याच. फक्त पाय हळू ठेवा. इलेक्ट्रिक मोटरचा जोर क्षणात येतो, चाक जागेवर गरगरलं की बोर्डाचे दात वितळतात.

चौथी पायरी: पोट सांभाळा

बॅटरी गाडीच्या पोटात असते, त्यामुळे खालचं संरक्षक कवच कंपनीचं मिळत असेल तर तेच घ्यावं. रॉक स्लायडर बोल्टने बसणारे हवेत. वेल्डिंग करू म्हणणाऱ्या आणि अंदाजाने ड्रिल चालवणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून परत या. खाली नारिंगी रंगाच्या तारा दिसतात त्या हाय-व्होल्टेजच्या. जॅकही ठरवून दिलेल्या जागीच लावायचा. तो बॅटरीच्या तळाला टेकला तर पंक्चर परवडलं असं म्हणायची पाळी येते.

एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबाने गाडी वर-खाली करणारी यंत्रणा) असेल तर गाडी उंच करणारं वेगळं लिफ्ट किट नको. आणि स्नॉर्केल, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारी नळी? इंजिनच नाही, श्वास कोण घेणार!

पाचवी पायरी: टप मोकळा ठेवा

हायवेवर रेंज खाते ती हवा. मी एक वर्ष टपावर रिकामी जाळी मिरवत फिरलो, ती उतरवली तेव्हा चार्जिंगचे थांबे कमी झाले. तंबू हवाच असेल तर तो मागच्या हौद्यावर, कॅबच्या उंचीखाली बसेल असा पाहा. लाइट बारही बंपरपाशी खाली लावा, टपावरचा बॉनेटवर चमकून डोळ्यांत येतो.

सहावी पायरी: वीज विकत घेऊ नका, वाहून आणा

वेगळं पॉवर स्टेशन (उचलून न्यायची बॅटरीची पेटी) आणि घडीचं सोलर पॅनेल हा या गाडीतला सगळ्यात अनावश्यक खर्च. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट खातो, बॅटरीत १३० च्या आसपास असतात. २०० वॉटच्या पॅनेलने दिवसभर तापून मिळणार जेमतेम दोन मैल. एक इंडक्शन शेगडी घ्या, गॅसचं नळकांडं वाचेल. फक्त गाडीच्या सॉकेटचे वॉट आधी बघा.

त्याऐवजी नेमा १४-५० या मोठ्या अमेरिकी प्लगचा पोर्टेबल चार्जर आणि टीटी-३० या त्याहून लहान सॉकेटचं अडॅप्टर ठेवा. आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या) तळांवर यांपैकी एक सॉकेट बहुधा असतंच. ३२ अँपिअरच्या चार्जरने १४-५० वर रात्रभरात शंभर मैलांहून जास्त भरतात. यूटातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम हा कच्चा रस्ता सुमारे शंभर मैलांचा आहे, परवाना लागतो, वाटेत ना चार्जर ना पिण्याचं पाणी. तिथे जायच्या आदल्या रात्री या अडॅप्टरची किंमत कळते.

सगळं बसवून झालं की माणसांसकट, पाण्यासकट गाडी ट्रक स्टॉपच्या काट्यावर घाला. पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचं वजन वेगळं मिळतं, ते दारातल्या आकड्यांशी ताडून पाहा. मागचा धुरा भरून गेला असेल तर आधी काय काढायचं, हे घरीच ठरवून टाका. माझ्याकडे तंबू निघाला, पातेलं राहिलं.