मे महिन्यात चोर्ला घाट चढायच्या आधी गाडीचं एवढं बघाच

गोव्यातल्या साखळीहून बेळगावला गाडी काढताय ना, मग आदल्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी बघा, पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे हवी, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. हवा टायर थंड असतानाच भरायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि स्टेपनी विसरूच नका, तीच नेमकी बसलेली असते!! टायरवर 2319 असं दिसलं तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला, म्हणजे आता जुना झाला, बदला बाबांनो. वायपर, पाणी, जॅक बघून घ्या. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमधेच ठेवा, सारखा ब्रेक दाबलात तर तो तापून लागेनासा होतो.