रेंज नसलेल्या जागी विकिपीडिया: काय लागतं आणि कुठे अडतं

जिथे नेट पोहोचत नाही, किंवा पोहोचलं तरी परवडत नाही, तिथे विकिपीडिया, शब्दकोश आणि आरोग्याची माहिती एका छोट्या पेटीत भरून नेता येते. पेटी स्वतःचं वाय-फाय सोडते. जवळचे फोन त्याला जोडले की ब्राउझरमध्ये पानं उघडतात, डेटा लागत नाही. यासाठीचं ‘किविक्स’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याची पुस्तकं ‘झिम’ प्रकारच्या फाइलींत बांधलेली असतात. पेटी उभी करायला एक दुपार पुरते. लोक ती वापरू लागावेत यासाठी मात्र जास्त खटपट करावी लागते.

आधी काय भरायचं ते ठरवा. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या वर जातो. बहुतेक जण तोच आधी भरतात, आणि इंग्रजी न वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वाचणाऱ्यांची भाषा पहिली, बाकी नंतर. पुढे जागा असेल तशी वैद्यकीय लेखांचा संच, ‘विक्शनरी’ हा शब्दकोश, शाळकरी मुलांसाठी ‘फेट’ची विज्ञान सिम्युलेशन्स, दुरुस्तीसाठी ‘आयफिक्सिट’ची भर घाला. फाइलच्या नावात ‘मॅक्सी’ असेल तर सगळं आलं, ‘नोपिक’मध्ये चित्रं नसतात, ‘मिनी’मध्ये लेखाची फक्त सुरुवात आणि माहितीचौकट असते. मिनी आकाराने लहान म्हणून मोह होतो, पण वाचणारा दुसऱ्या परिच्छेदालाच अडतो. जागा कमी असेल तर विषय कमी करा, लेख तोडू नका. दुरुस्तीची माहिती चित्रांशिवाय कुचकामी, तिथे नोपिक घेऊच नका.

डाउनलोड टॉरेंटने करा, म्हणजे मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. फाइल कार्डावर टाकल्यावर संकेतस्थळावरचा शा-२५६ आकडा (फाइल बिघडली नाही ना ते सांगणारी खूण) जुळवून पाहा.

मेमरी कार्ड हा नेहमीचा घातकी घटक. स्वस्तात मिळालेलं मोठं कार्ड बऱ्याचदा बनावट निघतं: क्षमता १२८ जीबी दाखवतं, पण खरी जागा संपली की आधीचाच मजकूर खराब करत जातं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ३’ ही साधनं पूर्ण कार्ड भरून आणि परत वाचून खरं काय ते सांगतात. कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट करून घ्या.

पेटी दोन प्रकारे करता येते. आठ-दहा माणसांसाठी जुना अँड्रॉइड फोनही चालतो. किविक्सचं ॲप घ्या, झिम उघडा, हॉटस्पॉट चालू करा, मेनूतून पुस्तकं ‘होस्ट’ करा. पडद्यावर पत्ता येतो, तो इतरांच्या ब्राउझरमध्ये टाका. ॲप किविक्सच्या संकेतस्थळावरूनच घ्या. प्ले स्टोअरच्या आवृत्तीला, गूगलच्या नियमांमुळे, कार्डावर टाकलेल्या फाइली आपोआप सापडत नाहीत.

वर्गभर मुलांसाठी ‘रास्पबेरी पाय ४’ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) घ्या, आणि त्याच्या स्वतःच्या वाय-फायवर भार न टाकता केबलने साधा राउटर जोडा. पायला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि जाड, आखूड केबल लागते. साध्या फोन चार्जरवर पाय चालू होतो खरा, पण कार्डाचं वाचन वाढलं की व्होल्टेज पडतं आणि तो अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो. दोष सॉफ्टवेअरचा समजून लोक तासन्‌तास शोधत बसतात.

पॉवर बँकेचा हिशोबही असाच फसवा. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॉट-तास. रूपांतरात गळती होऊन हाती साधारण ६० उरतात. पाय सरासरी ४ वॉट खात असेल तर १५ तास. राउटर त्याच बँकेवर असेल तर त्याचे वॉट वेगळे धरा. वीज अचानक जाते तिथे, सगळं जुळवून झाल्यावर, पायच्या सेटिंगमधली ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे वीज गेली म्हणून फाइली बिघडण्याची भीती बरीच कमी होते.

आता खरी अडचण. फोन या वाय-फायला जोडला की ‘इंटरनेट नाही’ म्हणतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो. पान उघडत नाही, माणूस ‘बंद आहे’ म्हणून निघून जातो. मोबाइल डेटा बंद करायला सांगा आणि सूचना आली की ‘जोडलेलं राहा’ निवडायला लावा. काही ब्राउझर पत्त्याला स्वतःहून ‘एचटीटीपीएस’ लावतात आणि पान अडतं. ‘एचटीटीपी’पासून पूर्ण पत्ता टाका. वाय-फायचं नाव आणि पत्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, शेजारी क्यूआर कोड.

दुसरी अडचण टायपिंगची. देवनागरी कीबोर्ड नसलेल्या फोनवर शोध खुंटतो, आणि तिथे तो डाउनलोडही करता येत नाही. म्हणून पहिल्या पानावर शोधपट्टीच्या भरवशावर राहू नका. लोक खरंच विचारतात असे वीस-पंचवीस प्रश्न आधी गोळा करा आणि प्रत्येकाची थेट लिंक तिथे ठेवा: ताप, जुलाब, पंपाची दुरुस्ती, अर्जातले शब्द.

स्थानिक माहितीचं स्वतःचं झिमही बांधता येतं. एचटीएमएल पानांचं फोल्डर, एक मुख्य पान, ४८ बाय ४८ पिक्सेलचं पीएनजी चिन्ह आणि शीर्षक, भाषा, वर्णन, कर्ता अशी थोडी माहिती ‘झिम-टूल्स’ या साधनांमधल्या ‘झिमरायटरएफएस’ला द्यावी लागते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फोनवर अगम्य दिसतो आणि शोधात येत नाही; तो आधी रूपांतरित करून डोळ्यांनी तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

विकिपीडियाच्या प्रती वाटायला परवानगी लागत नाही, श्रेय आणि तोच परवाना पुढे ठेवला की झालं. काही शैक्षणिक साहित्यावर मात्र विनाव्यवसाय अट असते. ते घेतलं असेल तर पैसे आकारू नका. झिमच्या नावात वर्ष-महिना असतो, तो पेटीवर चिकटवा. आणि तयार कार्डाची एक जशीच्या तशी प्रत तिथल्याच एखाद्या माणसाकडे ठेवा, बदलायची कशी ते त्याच्या हाताने एकदा करवून घेऊन.